पिंटू घरी आलाय, पण घाबरलेला आहे (ऑटिझम आणि ट्रॉमा, नाशिककर वाचा जरा)

मावशी_इंदिरानगर | ६ जुलै, रात्री ११:२०

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्या बहिणीचा मुलगा, इथे पिंटू म्हणते. वय १७, ऑटिस्टिक. स्वतःचं बोलणं मोजकं पण ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणतो, जाहिराती, बसमधल्या घोषणा, आमच्या भांडणातली वाक्यं सुद्धा. सिटीलिंकची कुठली बस कुठे जाते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. भाऊजी गेल्यावर ताईला नोकरी आणि पिंटू दोन्ही झेपेना म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला एका निवासी शाळेत ठेवलं (नाव लिहीत नाही, नाशिकची नाही). मे महिन्यात सुट्टीला आला, आणि परत जायच्या दिवशी बॅग बाहेर काढलेली बघून जागच्या जागी शू झाली त्याला. सतरा वर्षांचं पोर. त्या दिवशी ताई मटकन खालीच बसली. नाही पाठवलं मग. आता दोघं माझ्याकडेच आहेत.

सध्या काय चाललंय तर बाथरूमचं दार लावू देत नाही. अंघोळ म्हटलं की हात वर करून भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. किल्ल्या वाजल्या की डायनिंग टेबलाखाली. रात्री दोन-अडीचला उठून अंथरुणाची घडी घालतो आणि त्या घडीवर बसून राहतो उजाडेपर्यंत. आणि दिवसभर एकच वाक्य, जाड आवाजात, "आवाज नाय पायजे. लाईट बंद."

डॉक्टरांकडे नेलं तर म्हणाले ऑटिझममध्ये वयात येताना असं होतं, झोपेची गोळी दिली. असेलही. पण ऑटिझम तर त्याला जन्मापासून आहे, हे मे पासून आहे.

म्हणून विचारतेय, ऑटिझम कुठला आणि भीती कुठली हे ओळखायचं कसं? त्याला "काय झालं होतं" म्हणून विचारावं का? आणि आता नवीन, आमच्या मागच्या मैदानावर परवापासून ढोल पथकाचा सराव सुरू होतोय, त्याचं काय करू?

निवांत | ११:३४

मावशी, एक घट्ट मिठी. (पिंटूला नको, तुम्हाला.) वाचतेय.

द्राक्षवाला_पिंपळगाव | ११:५२

आधी शरीर तपासून घ्या. माझी पोरगी अचानक डोकं आपटायला लागली होती, तिघा जणांनी "बिहेवियर" म्हणून सांगितलं, शेवटी निघाली किडलेली दाढ. बोलता न येणाऱ्या पोरांचं दुखणं असंच बाहेर येतं. दात, कान, पोट साफ होतंय का, लघवीची जळजळ, सगळं बघा. हे झाल्यावर मग बाकीचं.

गुरुजी_६८ | ७ जुलै, सकाळी ६:१०

मी ३४ वर्षे शिक्षक होतो. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आजकाल प्रत्येक गोष्टीला ट्रॉमा म्हणायची फॅशन आहे. मुलाला ठरावीक वेळी उठवा, ठरावीक वेळी अंघोळ, ठरावीक वेळी जेवण. टेबलाखाली बसू देऊ नका, सवय लागते. आमच्या वेळी दोन फटके दिले की मुले सरळ होत.

च्यायला_खरंच | ६:४२

गुरुजी आले. मी चहा आणि खारी घेऊन बसलोय.

काजवा | ९:१५

मावशी, मी स्वतः ऑटिस्टिक आहे, ३१व्या वर्षी कळलं. अंबडला डिझाईनमध्ये नोकरी करतो, बोलतो नीट, त्यामुळे "तू कुठे तसा वाटतोस" हे ऐकायची सवय आहे. पिंटू आणि माझ्यात खूप फरक आहे हे धरूनच लिहितो.

तुमची पोस्ट तीनदा वाचली. एक गोष्ट कुणीच पकडली नाही म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलंय की तो ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतो, आवाजासकट. मग "आवाज नाय पायजे, लाईट बंद" हा आवाज कुणाचा आहे? तुमच्या घरात "नाय पायजे" कोण बोलतं? किल्ल्या कुणाकडे असायच्या?

त्याला काय झालं ते विचारावं का म्हणताय. अहो तो मे पासून रोज सांगतोय.

मावशी_इंदिरानगर | ९:४०

घरात कुणीच "नाय पायजे" म्हणत नाही.

मी ऑफिसात बसून हे वाचलं. नंतर लिहिते.

निवांत | ९:४४

काजवा, दंडवत.

ओटी_दिप्ती | दुपारी १:३०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी), अशी मुलं रोज बघते. ऑटिझम कुठला आणि भीती कुठली, अशी रेघ मारता येत नाही, दोन्ही एकमेकांत मुरलेलं असतं. आवाज त्याला आधीपासून जास्त टोचत असणार, भीतीने आता त्याच कानांवर चोवीस तास पहारा बसवलाय. पण तुमच्या हातात एक चांगली खूण आहे, "आधी नव्हतं, आता आहे." जन्मापासूनची सवय असेल तर ती बहुतेक वेळा त्याला शांत करते, हात हलवणं, गोल फिरणं, बसचे नंबर म्हणणं. भीतीतून आलेलं शांत करत नाही, उलट आक्रसून टाकतं. हात वर करून भिंतीकडे उभं राहणं याने त्याला बरं वाटतंय का? नाही ना. मग तो नुसता ऑटिझमचा भाग नसावा, कुणीतरी लावलेली सवय असू शकते.

डॉक्टर लोकांकडूनही हे निसटतं, कारण फाईलवर एकदा ऑटिझम लिहिला की पुढचं सगळं त्याच खात्यात जमा होतं. दुसरं मत घ्या, पण जाताना नुसतं "चिडचिड करतो" असं सांगू नका. मे च्या आधी काय करायचा, नंतर काय बंद झालं, काय नवीन आलं, हे तारखा घालून कागदावर न्या. पूर्वी जमत असलेली कामं सुटत चालली असतील, किंवा हालचाल करताना मध्येच गोठल्यासारखा होत असेल, तर तेही मुद्दाम सांगा, त्याची वेगळी तपासणी आणि वेगळे उपचार असतात.

अंघोळीसाठी एक करून बघा. पंधरा दिवस बाथरूम विसरा. बाल्कनीत किंवा न्हाणीच्या बाहेर पाट, बादली, ओला पंचा, अंगावर कपडे असले तरी चालतील. पाणी कुणी ओतायचं नाही, तांब्या त्याच्या हातात. आणि "थांब" असं चित्राचं कार्ड करा. त्याने ते दाखवलं की तुम्ही त्या क्षणी थांबायचं, साबण अर्धा लागला असला तरी. पहिले काही दिवस तो नुसतं तपासून बघेल की खरंच थांबतात का. थांबा.

दोन_मुलांची_आई | २:१०

दिप्तीताई, साबण अर्धा लागलेला असताना थांबायचं हे माझ्या नवऱ्याला पण लागू करू का, तो पेपर घेऊन आत बसतो.

गुरुजी_६८ | ४:००

"थांब" म्हटले की थांबायचे, तर मग मूल कधीच अंघोळ करणार नाही.

काजवा | ४:२५

गुरुजी, उलट होतं. माझ्या लहानपणी थेरपी वगैरे काही नव्हती, पण घरी "हात खाली, नीट बस, डोळ्यात बघ" हे शंभर वेळा आणि प्रत्येक वेळी ऐकलं की शाबासकी. मी काय शिकलो, तर मोठं माणूस सांगेल ते करायचं, अंगाला नको वाटलं तरी. नववीत एका ट्यूशनवाल्याने याचाच फायदा घेतला. मला "नाही" म्हणायचं असतं हेच माहीत नव्हतं, कारण आयुष्यभर माझं नाही हे कुणी ऐकलंच नव्हतं. पिंटूसारख्या मुलाला आज्ञाधारक करणं सोपं आहे हो. मग त्याची आज्ञा कोण घेतो यावर आपला ताबा राहत नाही.

अबोली_कॉलेजरोड | सायं. ५:०५

काजवा, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण सगळ्या थेरपीला एका माळेत ओवू नका. माझ्या मुलाला टॉयलेटची सवय अशाच बक्षीस पद्धतीने लागली, त्याआधी मी त्याला घेऊन लग्नाकार्यात जाऊ शकत नव्हते. आईची पण काही बाजू असते.

काजवा | ५:२०

असते. टॉयलेटबद्दल माझं काही म्हणणं नाही. डोळ्यात बघण्याबद्दल आहे, हात न हलवण्याबद्दल आहे.

अबोली_कॉलेजरोड | ५:३२

बरं. हे आपण वेगळ्या धाग्यावर भांडू, इथे मावशींचं राहून जाईल.

तोफखाना | रात्री ८:४५

देवळालीत राहतो, आर्टिलरीतून रिटायर. इकडे तोफांचा सराव सुरू झाला की नवीन भाडेकरू दचकतात, आम्ही वाटीतला वरणभात सांडत नाही. पण दिवाळीत गल्लीत कुणी पाठीमागून सुतळी बॉम्ब लावला की मी आजही भिंतीला चिकटतो. बायकोला विचारून घ्या. मोठा आवाज असूनही तोफ चालते आणि बॉम्ब चालत नाही, कारण तोफेची वेळ मला माहीत असते. पोराला ढोलाची वेळ आधी कळली तर अर्धं काम होईल असं मला वाटतं.

ढोलकरी | ९:१०

तोफखाना सर सॅल्यूट.

मावशी, मी एका पथकात वाजवतो. तुमच्या मागचं आमचंच आहे की दुसरं ते माहीत नाही, पण मैदान कुठलं ते व्यनि (खासगी निरोप) करा. आम्ही सराव बंद करू शकत नाही, खोटं बोलत नाही, नाशिक ढोल आहे तो, गणपतीला दोन महिने पण राहिले नाहीत. पण पहिला ठोका किती वाजता आणि शेवटचा किती वाजता हे रोज कळवू शकतो. आणि ताशा आधी की ढोल आधी ते पण.

च्यायला_खरंच | ९:१४

ढोलवाल्यांची वेळ कधी पाळली गेलीये का राव. आमच्याकडे सात म्हणजे पावणेनऊ.

ढोलकरी | ९:१६

सातला सुरू करतो. बंद करायचा प्रॉब्लेम आहे.

कसमादे_भाऊ | १०:३०

सटाण्याहून. दृष्ट काढली का एकदा? हसू नका, आई म्हणतेय शेजारी बसून म्हणून लिहिलं.

निवांत | १०:३६

काढू दे की आजींना, फक्त मिरच्या जाळू नका, त्या मुलाला आवाजाबरोबर वासाचाही त्रास असेल. मीठ-मोहऱ्यांवर भागवा.

संस्थेतली_माजी | ८ जुलै, दुपारी १२:००

मी वकील नाही, पण बालहक्काच्या कामात दहाएक वर्षं होते. मावशींच्या दुसऱ्या प्रश्नावर इथे फार कुणी लिहिलं नाही म्हणून.

त्याला खोदून विचारू नका. "मारलं का? कुणी मारलं? त्या काकांनी का?" असं अजिबात नको. एक तर ऐकलेलं परत म्हणणारं मूल तुमचाच प्रश्न उत्तर म्हणून देईल, आणि उद्या तक्रार करायची झाली तर त्याच्या सांगण्यावर शंका घेतील. त्याऐवजी वही करा. तारीख, वेळ, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तेव्हा काय चाललं होतं. अर्थ लावू नका. अंगावर जुने व्रण असतील तर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पिंटू अजून १८चा नाही, त्यामुळे १०९८ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाईनला, फोन करता येतो, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जाता येतं. लैंगिक काही असल्याची शंका आली तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा २०१२चा आहे, त्यात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, पोलीस साध्या कपड्यात, विश्वासाचं माणूस शेजारी, आणि अपंगत्व असेल तर विशेष शिक्षकाची मदत, असं सगळं लिहिलेलं आहे. मागून घ्यावं लागतं, आपणहून कुणी देत नाही. लैंगिक नसलं तरी दिव्यांग हक्क कायदा २०१६च्या कलम ७ खाली छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. कलम ९२ मध्ये शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आहे.

आणि तिथे अजून मुलं आहेत. एवढंच लिहिते.

मावशी_इंदिरानगर | रात्री ११:५०

सगळ्यांचं वाचलं, ताईलाही वाचून दाखवलं. "तिथे अजून मुलं आहेत" इथे ती उठून गच्चीवर गेली. अर्ध्या तासाने आली आणि म्हणाली, वही आण.

तिला काय वाटतंय ते मला नीट लिहिता येणार नाही. दर महिन्याला फोनवर "पिंटू मजेत आहे" असं ऐकून ती रात्री झोपायची.

एडीएचडी_पण_मी | ९ जुलै, रात्री १:१५

झोप नाही म्हणून इथे. मावशी, तुमच्या ताईंना सांगा, १४४१६ वर फोन करून बोला, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी आहे, मराठीत बोलतात. ते पिंटूसाठी नाही, ताईंसाठी. मी स्वतः केलाय.

माझी गोष्ट थोडक्यात. ४०व्या वर्षी एडीएचडी (लक्ष टिकत नाही असा मेंदूचा वेगळेपणा) निघाला. वडील पट्ट्याने मारायचे कारण मी वह्या हरवायचो. मग मी घाबरून अजून हरवायचो. आज माझं लक्ष लागत नाही ते मेंदूमुळे की पट्ट्यामुळे, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, वह्या कधीपासून हरवायच्या? म्हटलं पहिलीपासून. आणि पट्टा कधीपासून? तिसरीपासून. म्हणाल्या मग दोन्ही आहेत, आणि दोघांचा उपचार वेगळा करू. गोळीने लक्ष लागायला लागलं, पण जिन्यात पावलं वाजली की पोटात गोळा येतो तो गोळीने गेला नाही, त्याला ईएमडीआर करतोय. डोळे डावीकडे उजवीकडे हलवत जुनं आठवायचं असतं. वेड्यासारखं वाटतं, पण पावलांचं कमी झालंय. पिंटूला हे असंच्या असं जमणार नाही, शब्द लागतात थोडे, पण कमी बोलणाऱ्यांसाठी चित्रं वगैरे वापरून बदल करून करणारे आहेत, तसं कुणी मिळतंय का शोधा.

गुरुजी_६८ | सकाळी ६:०५

मी शिस्त म्हणालो म्हणजे छडी म्हणालो नव्हतो, घड्याळ म्हणालो होतो.

च्यायला_खरंच | ६:३०

काका, वर जाऊन वाचा, "दोन फटके" तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

ओटी_दिप्ती | ८:२०

फटके सोडा, पण गुरुजींचं घड्याळ बरोबर आहे हो. पुढे काय होणार हे रोज तेच आणि दिसेल असं, भिंतीवर चित्रं लावून. फक्त टेबलाखालून ओढून काढू नका, ती त्याची जागा आहे. उलट तिथे आजीची जड गोधडी ठेवा. तो स्वतः पांघरेल, तुम्ही घालायची नाही.

गुरुजी_६८ | ८:५५

गोधडीला माझी हरकत नाही.

पंचवटीकर | ११:४०

अवांतर, रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) पोरांना धरून बुचकळतात ना, माझा चुलतभाऊ (त्याला नाव नव्हतं तेव्हा, "मंद" म्हणायचे) असाच उचलून टाकला होता, सगळे हसत होते, मी पण. पेशव्यांच्या काळापासूनची प्रथा वगैरे सगळं मान्य, मला अजूनही आवडते. पण तो त्यानंतर नदीवर आलाच नाही कधी. आता पन्नाशीचा आहे. रामकुंडाच्या रस्त्याने नेलं की रिक्षातून उतरतो. २०२७चा सिंहस्थ आला की घरचे परत म्हणणार, चल डुबकी मार, मोकळा होशील. या धाग्याची लिंक पाठवतोय त्यांना.

मावशी_इंदिरानगर | २ ऑगस्ट, रात्री १०:१५

उशीर झाला, पण विचारलंत बऱ्याच जणांनी व्यनितून म्हणून.

दात, पोट वगैरे तपासलं, ठीक. पाठीवर जुने व्रण निघाले, ते लिहून घेतलं. दुसऱ्या डॉक्टर मिळाल्या, कागद नीट वाचला त्यांनी. तक्रार दिली आहे, त्याबद्दल इथे जास्त लिहिता येणार नाही. ताई ऑफिसला जायला लागली, अर्धा दिवस.

घरातल्या सगळ्या किल्ल्या लोकरीच्या मोज्यात घातल्यात. माझा नवरा रोज स्कूटरची किल्ली शोधताना मोजे उलटे करत बसतो.

अंघोळ बाल्कनीत. "थांब" कार्ड पहिल्या दिवशी त्याने नऊ वेळा दाखवलं. नऊ वेळा थांबलो. अंगावर पाणी पडलंच नाही त्या दिवशी. आता तांब्या स्वतः घेतो, दार मात्र अजून लावत नाही, आणि हात वर करणं आठवड्यात एकदोनदा होतंच. रात्रीचं उठणं चालू आहे. गोधडी घेऊन बसतो आता, घडीवर नाही.

ढोलकरी दादा, तुमचंच पथक निघालं. मेसेज आला की ताई घड्याळाच्या चित्रावर काटा लावते. सात वाजता तो कानावर हेडफोन घालून खिडकीच्या लांबच्या कोपऱ्यात जातो आणि साडेआठला शेवटचा ठोका पडला की म्हणतो, "पुढील थांबा, निमाणी." हे वाक्य त्याने तीन महिन्यांत म्हटलं नव्हतं.

काजवा | १०:२२

बस सुरू झाली म्हणायची.

ढोलकरी | १०:३०

मावशी काल आम्ही आठ पस्तीसला थांबलो, त्याबद्दल सॉरी. नवीन पोरं ऐकत नाहीत.

मावशी_इंदिरानगर | १०:३३

माहीत आहे. पाच मिनिटं घड्याळाकडे बोट दाखवून उभा होता.

संस्थेतली_माजी | १०:५०

मावशी, १८ पूर्ण व्हायच्या आत पालकत्वाचं बघून ठेवा, नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीचा कायदा) कलेक्टरांच्या स्थानिक समितीकडे अर्ज असतो. कागदपत्रांची यादी व्यनि करते.

द्राक्षवाला_पिंपळगाव | ११:०५

पोराला एकदा इकडे बसने घेऊन या. बाग शांत असते, कुलूप नाही कुठेच.

मावशी_इंदिरानगर | ११:१२

त्याला विचारलं. नंबर विचारतोय बसचा.